जुळलेलं हाड

पेठच्या दवाखान्यापासून बारा किलोमीटर,
त्यातले शेवटचे तीन पायी.
देवकाबाई भोयेच्या बोकडाचा मागचा डावा पाय
नडगीत मोडला होता, कातळावरून घसरून.
कापूस, बांबूच्या चार कामट्या, जुन्या लुगड्याची पट्टी;
प्लास्टर आमच्याकडे मार्चनंतर येत नाही.
मी आवळून बांधलं. तो ओरडला
अगदी माणसासारखा, असं लिहिणार होतो,
पण नाही, बोकडासारखाच ओरडला
आणि तेवढं पुरेसं होतं.

"नाव काय ह्याचं?" केसपेपर भरताना विचारलं.
बाई म्हणाली, "नाव नाही ठेवत आम्ही.
ठेवलं की शेवटी हाक मारावी लागते."
तिच्या नातवाने, हिरामणने, मात्र
तोवर त्याला लंगड्या म्हणायला सुरुवात केली होती.

पाच आठवडे, दर गुरुवारी
मी नडगीवरची गाठ चाचपायचो,
लिंबाएवढी, मग बोराएवढी.
सहाव्या आठवड्यात तो मागच्या पायांवर उभा राहून
उंबराची पानं ओरबाडत होता.
रजिस्टरात मी लिहिलं : बरा झाला.
माझ्या नोकरीत हे फार वेळा लिहायला मिळत नाही.
जरा ठळक लिहिलं.

माघात तिने घरावर नवी कौलं चढवली.
पाड्यातली चाळीस माणसं राबली,
त्यांच्या जेवणाला मलाही निरोप.
पळसाच्या पत्रावळीवर नागलीची भाकर,
काळा रस्सा, वर लाल तर्री,
आणि मला मुद्दाम वाढलेली नडगी.
"डॉक्टरला पाय द्या, पाय त्याचाच आहे!"
सगळे हसले. मीही.
(मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक. राहू दे.)

जिभेआधी बोटाला लागली ती गाठ.
अर्धा सूत तिरकी बसली होती.
इतके दिवस मला वाटत होतं, सरळ बसलीय.

मी खाल्लं. हे लपवायचं नाही.
चांगलं लागलं, हेही नाही.
नळी ठोकून आतलं ओढलं तेव्हा
समोरच्या पंगतीत हिरामण भाकर आणि मिरची खात होता.
त्याला कोणी आग्रह केला नाही.
आजी त्याच्या पानाशी क्षणभर थांबली,
पळी तशीच घेऊन पुढे गेली.

शनिवारी नाशिकला घरी आलो, मुलीला सांगितलं.
द्वारकेच्या दुकानातून आम्ही आणतो ते
पिशवीत असतं, धुतलेलं, गार.
कोणाचा पाय, असं त्याला विचारायची सोय नसते.
ती म्हणाली, "मग बरा कशाला केलात, बाबा?"
"दुखत होतं त्याला."
"आणि कापताना?"
म्हटलं, त्यांचा कापणारा हाताचा पक्का आहे, एका दमात.
म्हटलं, त्या उतारावर नागलीशिवाय काय पिकतं?
म्हटलं, मग दूध? मग तुझ्या त्या चपला?
एकही वाक्य खोटं नव्हतं
आणि सगळी वकिलाची होती.
तिने ऐकून घेतलं. ताट उचलून ठेवलं,
तिचं आणि माझंही.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
पण कोणी? आणि मीठ कुणाचं?
त्या पाच आठवड्यांत एकदाही
त्याने मला शिंग मारलं नव्हतं.

परवा देवकाबाई नवं करडू घेऊन आली, टोचायला.
दोरी हिरामणच्या हातात.
नाव मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.
सुई काढली तसं ते
माझा तळहात चाटायला लागलं, खरखरीत जिभेने,
बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश.
मीठ लागतं त्यांना.
मी हात तसाच धरून ठेवला.
रांगेत अजून अकरा जनावरं होती.